ॲक्शन आरपीजी ताजा कशाने वाटतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचं छोटं गेमिंग सेंटर आहे. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर पोरं-पोरी खेळायला येतात. रविवारी सकाळी गर्दी नसते, तेव्हा स्वतः गेम बनवू पाहणारे काही जण लॅपटॉप घेऊन बसतात. या दोन्ही मंडळींकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडूनही व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ॲक्शन आरपीजी म्हणजे नक्की काय? नुसत्या मारामारीच्या गेमपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा. ॲक्शन आरपीजीत दोन गोष्टी एकाच वेळी वाढतात. एक तुमचा हात, म्हणजे केव्हा मारायचं आणि केव्हा बाजूला व्हायचं याचा अंदाज. दुसरं तुमचं पात्र, म्हणजे त्याची ताकद, शस्त्रं, विद्या (स्किल). नुसत्या ॲक्शन गेममध्ये मुख्यतः हात तयार होतो, तर आळीपाळीने डाव टाकायच्या आरपीजीत मुख्यतः पात्र. ॲक्शन आरपीजीत बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, पडला की तो आपल्या हातामुळे पडला की नव्या तलवारीमुळे, हे तुम्हालाही नीट सांगता येत नाही. त्या सरमिसळीतच या प्रकाराची खरी गंमत आहे.

जपानमध्ये १९८४ साली ‘ड्रॅगन स्लेअर’, ‘हायड्लाइड’ आणि ‘द टॉवर ऑफ ड्रुआगा’ या गेम्सनी ही वाट पाडली. आपल्याकडे मात्र बऱ्याच जणांची पहिली ओळख सायबर कॅफेतल्या ‘डायब्लो’शी झाली. हा गेम मुळात आळीपाळीने खेळायचा म्हणून बनवायला घेतला होता. मध्येच तो सलग, न थांबणारा करून पाहिला गेला. माऊसच्या एका क्लिकसरशी योद्धा चालत गेला, सांगाड्याला हाणलं, सांगाडा कोसळला, आणि गेमची दिशाच बदलली.

२. ‘ताजा वाटतो’ म्हणजे काय? नवीन आलेला प्रत्येक गेम ताजा नसतो का?

नसतो. कालच बाजारात आलेला गेम पहिल्या तासातच शिळा वाटू शकतो.

आपल्या गोदाकाठी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीचं उदाहरण घ्या. वर्षभर तुम्ही त्याच घाटावरून, त्याच पायऱ्यांवरून जाता, पाय आपोआप पडतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं शहर विचारतं, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, की गळ्यापर्यंत? घाट तोच, मूर्ती तीच. पण पाणी कमरेला लागलं की कुठून जायचं, कुठे थांबायचं, दुकानातला माल कधी हलवायचा, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं.

गेममध्ये मी ताजेपणा म्हणतो तो हाच. जागा, शत्रू, शस्त्रं ओळखीची असली तरी चालतात. तुमची जुनी सवय जिथे अपुरी पडते आणि नवा निर्णय घ्यावा लागतो, तिथे गेम ताजा असतो. नवा नकाशा, नवा राक्षस, नवं चिलखत आणूनही तुम्ही तेच तीन बटण त्याच क्रमाने दाबत असाल, तर तो गेम शिळा झालाय. खालची बहुतेक उत्तरं या एका कसोटीवर उभी आहेत.

३. ग्राफिक्स भारी असले की गेम ताजा वाटतोच ना?

पहिला तास वाटतो, मग डोळे सरावतात. चित्र सुंदर असावं याला माझी पूर्ण मान्यता आहे, पण ‘हेडिस’च्या त्याच त्याच खोल्या शंभराव्यांदा पाहूनही पोरं उठत नाहीत आणि दुसरीकडे महागडे डोंगर-दऱ्या असलेला गेम आठवड्यात काढून टाकतात. कारण प्रश्न २ मध्ये आहे.

४. काही गेममध्ये तलवार ‘लागते’ आणि काहींमध्ये हवेत फिरवल्यासारखी वाटते. असं का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

एका वाराचे तीन भाग पडतात: उगारणं, लागणं आणि सावरणं. उगारणं फार छोटं केलं तर वाराला वजन येत नाही. सावरणं काढून टाकलं तर वाराची किंमतच राहत नाही, खेळणारा बटण बडवत सुटतो. ‘मॉन्स्टर हंटर’मधली मोठी तलवार हातात घेतलेल्यांना हे लगेच कळेल. ती उचलायलाच इतका वेळ लागतो की समोरचा प्राणी पुढच्या क्षणी कुठे असेल, हे आधी ओळखावं लागतं. वार उगारणं म्हणजेच एक निर्णय होतो.

त्यानंतर येतो हिट-स्टॉप. वार लागतो त्या क्षणी चित्र काही फ्रेमपुरतं गोठवतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे चार-पाच फ्रेमचा हा थांबा डोळ्याला वेगळा दिसतही नाही. पण हाताला तो जाणवतो, पातं कशात तरी अडकलं असं वाटतं. आमच्या रविवारच्या मंडळींपैकी एकाने आपल्या गेममध्ये फक्त एवढा थांबा घातला आणि शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, ‘‘तलवारीचं डॅमेज वाढवलंस का?’’ आकडा तोच होता.

तिसरी गोष्ट आवाज. नाशिक ढोल वाजताना जवळून पाहिलाय? टिपरू वर जातं तेव्हाच आपली छाती पुढच्या थापेसाठी तयार होते. उगारण्याचा आवाज आणि लागण्याचा आवाज यांच्यात तसंच नातं हवं. बरेच नवे गेम बनवणारे लागण्याचा आवाज मोठा करतात आणि उगारण्याचा विसरतात.

आणि चौथी गोष्ट, जी कुणाला दिसत नाही. तुम्ही थोडं आधी दाबलेलं बटण गेमने लक्षात ठेवायला हवं. पहिला वार सावरत असताना डॉज, म्हणजे बाजूला व्हायचं बटण, दाबलं, तर तो गिळून न टाकता वार संपताक्षणी डॉज व्हावा. हे नसेल तर खेळणारा म्हणतो, ‘‘कंट्रोलर खराब आहे.’’ आमच्याकडे अशी तक्रार आली की आधी मी कोणता गेम लावलाय ते बघतो.

५. सोल्स प्रकारचे गेम अवघड असतात म्हणून ताजे वाटतात का?

अवघडपणा हे त्यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं अंग आहे, असं माझं ठाम मत आहे. शत्रूचं आयुष्य दहापट करून कुणीही गेम अवघड करू शकतो.

फ्रॉमसॉफ्टवेअरने २००९ साली ‘डेमन्स सोल्स’ आणि २०११ साली ‘डार्क सोल्स’ आणला. त्यात पात्राचा दम (स्टॅमिना) संपतो. मारणं, पळणं, ढाल धरणं हे सगळं एकाच दमातून खर्च होतं. शत्रू प्रत्येक वेळी त्याच जागी उभे असतात, त्यामुळे तुम्ही मेलात तरी ज्ञान मरत नाही. ‘डार्क सोल्स’मध्ये जखमा भरायच्या कुप्याही मोजक्याच. एवढ्या चार नियमांतून प्रत्येक कोपरा हा हिशेबाचा प्रश्न होतो: दोन कुप्या उरल्यात, पुढे जाऊ की मागे फिरू?

पण मला खरं कौतुक वाटतं ते याचं की त्याच कंपनीने आपल्याच खेळाडूंची सवय पुन्हा पुन्हा मोडली. ‘डार्क सोल्स’ खेळून लोक ढालीआड दबायला शिकले. मग २०१५ च्या ‘ब्लडबोर्न’मध्ये ढाल जवळजवळ काढूनच टाकली आणि मार खाल्ल्यावर लगेच उलट मारलं तर गेलेलं आयुष्य परत मिळेल असं केलं. म्हणजे मार बसल्यावर मागे सरायची जी सवय, तीच आता नुकसान करते. २०१९ च्या ‘सेकिरो’मध्ये तर बाजूला होणंही पुरेना. समोरच्याचा वार नेमक्या क्षणी आपल्या पात्यावर घेऊन त्याचा तोल मोडावा लागतो. आणि २०२२ च्या ‘एल्डन रिंग’ने एक मोठी मोकळीक दिली: हा बॉस पडत नाही ना, मग घोड्यावर बसा, दुसऱ्या दिशेला जा, ताकद कमवून परत या.

६. लूट धो धो मिळते, तरी कंटाळा का येतो?

कारण बहुतेक लूट, म्हणजे शत्रू पाडल्यावर मिळणाऱ्या वस्तू, ही फक्त आकडा असते. ४० डॅमेजची कुऱ्हाड काढून ४३ ची घातली, तर तुमच्या हाताच्या हालचालीत काय बदललं? काहीच नाही. दहा मिनिटांनी ४६ ची मिळेल.

आता दुसरं टोक बघा. ‘डायब्लो २’मध्ये टेलिपोर्ट, म्हणजे क्षणात दुसरीकडे प्रकटणं, ही फक्त सॉर्सरेसची (जादूगारणीची) विद्या होती. ‘एनिग्मा’ नावाचा रूनवर्ड, म्हणजे जादूई खड्यांची ठरावीक जुळणी, चिलखतात बसवला की कुठल्याही पात्राला ती वापरता येऊ लागली. हातोडे फिरवणारा पॅलाडिन भिंतीपलीकडे उडी मारून थेट बॉसच्या पायाशी. अख्ख्या नकाशाकडे बघायची दृष्टीच बदलली. एका वस्तूने वागणं बदललं, म्हणून लोक तिच्यासाठी महिनोन्‌महिने राबत होते.

‘डायब्लो ३’ची गोष्टही इथे सांगायला हवी. २०१२ ला तो आला तेव्हा त्यात लिलावघर होतं, खऱ्या पैशांचंसुद्धा. चांगली वस्तू मिळवायचा सोपा रस्ता म्हणजे राक्षस मारणं सोडून यादी चाळणं, असं झालं. १८ मार्च २०१४ ला ते बंद केलं. त्याच सुमाराला लूटही सुधारली, म्हणजे तुमच्या पात्राच्या कामाच्या वस्तू जास्त पडू लागल्या आणि दुर्मीळ वस्तूंनी विद्यांची चाल बदलू लागली. सेंटरमध्ये ज्यांनी तो दोन वर्षं हातात धरला नव्हता, ते तेव्हा परत आले.

गेम बनवणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारतो: ही वस्तू मिळाल्यावर पुढच्या लढाईत खेळणारा वेगळं काय करेल? उत्तरात क्रियापद नसेल, नुसते टक्केच असतील, तर ती वस्तू यादीतून काढा.

७. स्किल ट्री जितकं मोठं तितकी मजा जास्त, बरोबर?

अर्धं बरोबर. स्किल ट्री म्हणजे विद्यांचं झाड, त्यातला एकेक ठिपका उघडत पात्र वाढवायचं. ‘पाथ ऑफ एग्झाइल’च्या झाडाला १३०० हून अधिक ठिपके आहेत, सगळ्या पात्रांना मिळून एकच झाड, फक्त सुरुवातीची जागा वेगळी. पहिल्यांदा उघडलं की रविवार कारंजावर गणपतीच्या गर्दीत सापडल्यासारखं वाटतं. त्या गर्दीत रमणारी माणसं आहेत, आणि त्यांना तो गेम वर्षानुवर्षं पुरतो. पण ठिपके मोजून ताजेपणा मोजता येत नाही, कारण त्यातले बरेच ‘थोडं अधिक आयुष्य’, ‘थोडी अधिक ताकद’ असेच असतात.

मोजक्यातून जास्त काढणारा गेम बघायचा तर २०१४ चा ‘ट्रान्झिस्टर’ बघा. त्यात प्रत्येक विद्या तीन प्रकारे बसवता येते: स्वतंत्र हल्ला म्हणून, दुसऱ्या विद्येला जोड म्हणून किंवा कायमचा गुण म्हणून. वर आयुष्य संपलं की तुम्ही थेट मरत नाही, तुमची एक विद्या काही काळासाठी बंद पडते. जिच्यावर सगळी भिस्त ठेवलेली तीच गेली की उरलेल्या तीन घेऊन लढा. सवय मोडण्याची यापेक्षा देखणी युक्ती मी पाहिलेली नाही.

‘टायटन क्वेस्ट’ने २००६ मध्ये दोन विद्याशाखा एकत्र करायला दिल्या आणि पुढे ‘ग्रिम डॉन’ने तीच पद्धत चालवली. नवशिक्यांना मी हाच प्रकार सुचवतो. निवड छोटी असते, पण ती तुमची स्वतःची असते.

८. यूट्यूबवरून एक नंबर बिल्ड कॉपी केला. सगळं पटापट पडतं, पण मजाच गेली. आता?

बिल्ड म्हणजे पात्राच्या विद्या आणि वस्तूंची ठरवलेली जुळणी. त्यातले सगळे निर्णय दुसऱ्याने घेतले, तुमच्याकडे फक्त राबणं उरलं. बिल्ड फेकू नका. त्यातली मुख्य विद्या तशीच ठेवा आणि बाकीच्यांपैकी दोन स्वतःच्या मनाने बदला. ताकद थोडी घटेल, तेवढी घटू द्या. कुठे अडता ते बघा आणि तिथला तोडगा स्वतः शोधा. ज्यांनी हे केलं त्यातले बरेच जण पुन्हा रमले. मात्र हार्डकोर मोडमध्ये, जिथे पात्र एकदा मेलं की गेलंच, तिथे हा प्रयोग नव्या पात्रावर करा.

९. पहिले दहा तास झकास, मग गेम शिळा होतो. हे जवळपास प्रत्येक गेममध्ये का होतं?

बनवणाऱ्यांकडचे शत्रू संपतात म्हणून. हिरवा लांडगा लाल होतो, नावापुढे ‘प्राचीन’ लागतं आणि आयुष्याची पट्टी दुप्पट होते. तुम्ही त्याला कसं मारायचं ते आधीच शिकलेले असता, आता फक्त जास्त वेळ मारायचं.

यावर पैसे न लागणारा उपाय आहे आणि छोट्या टीमनी तो जरूर वापरावा: शत्रूंची जोडी बदला. ढालवाला एकटा सोपा, लांबून बाण मारणारा एकटा सोपा. दोघं एकत्र अरुंद गल्लीत आले की प्रश्न नवा. जुन्या नाशकातल्या वाड्यांमधून जाणारे बोळ आठवा. तिथे समोरून एक गाय आली तरी मागे फिरावं लागतं. नुसती जागा बदलूनही शत्रू बदलतो.

दुसरा उपाय जरा महाग आहे. ‘नियर: ऑटोमाटा’ने २०१७ मध्ये तो करून दाखवला. पहिला प्रवास संपल्यावर तेच प्रसंग तुम्ही दुसऱ्या पात्राच्या बाजूने खेळता. तो शत्रूंच्या आत शिरून त्यांना हॅक करतो, त्यामुळे ओळखीच्या मैदानावर तुमचं मुख्य क्रियापदच वेगळं झालेलं असतं.

१०. ओपन वर्ल्ड असला की ताजेपणा आपोआप येतो का?

उलट, कुठेही मोकळं फिरता येणाऱ्या अशा जगात शिळेपणाचा धोका जास्त. नकाशावर दोनशे खुणा आधीच दाखवल्या की फिरणं म्हणजे यादीवर टिका मारत जाणं होतं. ‘ड्रॅगन्स डॉग्मा’ २०१२ चा, आजच्या मानाने त्याचं जग छोटं. पण त्यात रात्र खरोखर काळी असते आणि कंदिलातलं तेल संपू शकतं. दिवसा पाच मिनिटांची वाट रात्री वेगळाच गेम होते. अंजनेरीवरून उतरताना ज्याला अंधार पडलाय, त्याला हे समजावायची गरज नाही.

११. कथेचा यात किती हात असतो? मी तर सगळे संवाद स्किप करतो.

स्किप करता याचा अर्थ बहुधा कथा एकीकडे आणि मारामारी दुसरीकडे चालली आहे. दोन्ही एकात गुंफली की कुणी स्किप करत नाही. ‘हेडिस’मध्ये पाताळातून निसटणारा झॅग्रियस मेला की घरी परततो, आणि घरातली माणसं त्याच्याशी नवं काहीतरी बोलतात. मरणं ही शिक्षा न राहता पुढचं पान होतं. मी असे खेळाडू पाहिलेत जे बॉसपाशी हरल्यावर हळहळण्याऐवजी आता घरी कोण काय म्हणेल याची वाट बघतात.

२०१४ च्या ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’चाही उल्लेख करायला हवा, जरी तो आरपीजीच्या काठावरचा आहे. तुम्हाला मारणारा सामान्य ऑर्क (शत्रूच्या सैन्यातला राक्षस) बढती मिळवतो, पुढच्या भेटीत तुम्हाला ओळखतो, टोमणे मारतो. या पद्धतीचं पेटंट वॉर्नर ब्रदर्सना २०२१ मध्ये मिळालं. एवढी चांगली कल्पना इतरांना मोकळेपणी पुढे नेता येऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१२. आपल्या मातीतला, पुराणातला विषय घेतला तर गेम आपोआप ताजा होईल ना?

पंचवटीत राहणाऱ्या आमच्या मुलांना हे फार वाटतं. सीतागुंफा, काळाराम, ब्रह्मगिरी सगळं हाताशी आहे. विषय नक्की घ्यावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला, आपल्याकडच्या कथा, वास्तू आणि दुर्गा-विष्णूचं निवेदन घेऊन. तो आरपीजीपेक्षा ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे, पण आपल्याकडे असं बनू शकतं हा विश्वास त्याने दिला. चीनच्या गेम सायन्सचा ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला. त्यात वानरवीराचं रूपं बदलणं हे नुसतं वर्णन राहिलं नाही. पाडलेल्या काही शत्रूंचं रूप घेऊन तुम्ही स्वतः लढता. पुराणातली गोष्ट तिथे बटणापर्यंत पोचली आहे.

मुद्दा तोच. राक्षसाचं नाव मराठी केलं आणि चाल परदेशीच ठेवली, तर पोशाख बदलला, गेम नाही. मी मुलांना एक उदाहरण नेहमी देतो. पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरात या शत्रू राजघराण्याचा वंश उखडून टाकला असं तिने त्यात कोरून ठेवलंय. आणि १९०६ साली नाशिकजवळ जोगलथेंबीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, क्षहरात नहपानाची. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. खालचा जुना चेहरा अजून दिसतो.

आता याची लूट करून बघा. पाडलेल्या शत्रूचं शस्त्र विकायचं नाही, वितळवायचं नाही, त्यावर स्वतःचा ठसा मारायचा. जुना गुण खाली उरतो, तुमचा वर चढतो. पुन्हा ठसा मारला तर खालचा अधिक पुसट होतो. मग भाल्याचा जुना विषारी गुण राखायचा की स्वतःचा दुसरा ठसा चढवायचा? हा निर्णय या मातीतूनच आला आहे आणि त्याला प्रश्न ६ मधलं क्रियापदही आहे. हे कुणी बनवणार असेल तर मी रोज संध्याकाळी तपासून द्यायला तयार आहे.

१३. साधा लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. कुठून सुरू करू?

‘टॉर्चलाइट २’. २०१२ चा आहे, जुन्या मशीनवर चालतो. त्यानंतर ‘ट्रान्झिस्टर’ किंवा ‘हेडिस’.

१४. दर तीन महिन्यांनी नवा सीझन येतो आणि सगळं शून्यावर जातं. याला ताजेपणा म्हणायचं का?

म्हणता येतं, अर्धवट. ‘पाथ ऑफ एग्झाइल’ची लीग, म्हणजे त्याचा सीझन, बरीच वर्षं साधारण त्याच अंतराने येत असे. नवं पात्र, रिकामा बाजार, सगळे एका रेषेवर. पहिल्या आठवड्यात एखादी साधी अंगठीही मोलाची असते. गरिबीमुळे निर्णय परत येतात, हे खरं आहे.

पण शून्यावर आणणं हे पाटी पुसण्यासारखं आहे, पाटीवर नवं काय लिहिलंय ते वेगळं पाहावं लागतं. सीझनची नवी गोष्ट जुन्या गेममध्ये मुरली नसेल, कोपऱ्यात एक वेगळं दार उघडून तिथेच संपत असेल, तर दोन दिवसांत शिळी होते. नोकरी करणाऱ्यांनी प्रत्येक सीझन धरायचा अट्टहास करू नये. सातपूर-अंबडला शिफ्ट करून येणारे आमचे काही मित्र वर्षातून एकच लीग खेळतात, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त आनंद तेच घेतात.

१५. माझा मुलगा एकच गेम पुन्हा पुन्हा पहिल्यापासून खेळतो. हे व्यसन आहे का?

लांबून सांगता येणार नाही. एक करून बघा: शेजारी बसा आणि विचारा, ‘‘या वेळी वेगळं काय करतोयस?’’ त्याने डोळे चमकवून ‘‘आई, या वेळी मी धनुष्यच वापरणार, जादू बिलकूल नाही’’ असं सांगितलं, तर तो एखाद्या रागाचा रियाज करावा तसा खेळतोय. उत्तर न देता चिडला, झोप, जेवण, अभ्यास, मित्र सुटत चालले असतील, तर गेमची चर्चा बाजूला ठेवून समुपदेशकाला भेटा. आमच्याकडे येणाऱ्या शाळकरी मुलांना आम्ही दोन तासांवर बसू देत नाही.

१६. ‘सेकिरो’त लेव्हल नाही, चिलखत नाही, बिल्ड नाही. मग तो आरपीजी कसा?

काठावरचा आहे. प्रश्न १ ची व्याख्या लावली तर त्यात पात्र थोडंसंच वाढतं, हात मात्र प्रचंड वाढतो. मी त्याला या पानावर घेतलंय कारण ॲक्शन आरपीजी खेळणाऱ्यांच्याच सवयी तो मोडतो. नावावरून वाद घालण्यात मला रस नाही.

१७. सगळंच नवं केलं तर? माझ्या गेममध्ये प्रत्येक गोष्ट कुणी कधी केली नाही अशी आहे, तरी लोक दहा मिनिटांत उठतात.

सवय मोडायची तर आधी सवय असावी लागते. दुतोंड्या मारुतीचं पाणी आपल्याला कळतं, कारण कोरडा घाट पायाला पाठ आहे. बाहेरगावच्या माणसाला तो नुसता पूर असतो.

‘निओह’ बघा. २०१७ चा. चालणं, डॉज, दम हे सगळं ओळखीचं ठेवलं आणि त्यावर मुख्य भर दोनच गोष्टींची घातली: तलवार वर, मधे किंवा खाली धरायची, तीन पवित्रे. आणि वार झाल्यावर योग्य क्षणी बटण दाबलं तर खर्चलेला दम परत. एवढ्यावर अख्खा गेम उभा आहे. तुमच्या गेममधली सगळ्यात लाडकी एक नवी गोष्ट ठेवा. बाकीच्या सध्या नेहमीसारख्या करा आणि पुन्हा दाखवा.

१८. आपला गेम ताजा आहे की नाही हे घरच्या घरी कसं तपासायचं?

मित्राला विचारू नका, तो चांगलंच म्हणेल. त्याला खेळायला बसवा आणि तुम्ही गप्प राहा. स्क्रीन सोडून त्याचे हात बघा. एकाच क्रमाने तीच बटणं किती वेळ चालली? कुठे हात थबकले? थबकणं हे बहुतेक वेळा चांगलं लक्षण असतं, तिथे विचार चाललाय. पण तो मेनू शोधताना थबकला असेल तर ते वाईट.

मग सगळे आकडे लपवा. डॅमेजचे, लेव्हलचे, सगळे. तरीही नवी तलवार मिळाल्याचं त्याला कळतंय का? आणि शेवटी तोच शत्रू दुसऱ्यांदा समोर आणा. या वेळी तो वेगळा वागला, तर तुमच्याकडे गेम आहे. नाही वागला तर प्रश्न ४ आणि ९ पुन्हा वाचा.

१९. ‘डायब्लो २’ वीस वर्षांनी पुन्हा लावला आणि ताजा वाटला. हा नुसता आठवणींचा खेळ आहे का?

थोडा आहे. २०२१ च्या नव्या आवृत्तीत एक बटण दाबलं की जुनं चित्र दिसतं, पुन्हा दाबलं की नवं. ते दाबत राहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय येतं ते मी पाहिलंय, आणि त्या भावनेला कमी लेखू नये. पण दुसरं कारणही आहे. आजच्या गेम्सनी तुम्हाला चुका मोफत पुसायची सवय लावली आहे. तिथे विद्या बदलायच्या संधी मोजक्या, पिशवी छोटी, प्रत्येक वस्तू उचलताना दुसरी टाकायची. जुन्या गेमने तुमची आजची सवय मोडली.

२०. कुठलाच गेम ताजा वाटत नाही आता. गेम वाईट झालेत की मीच बदललो?

हा प्रश्न बहुधा रात्री उशिरा येतो आणि मी त्याला घाईत उत्तर देत नाही. शंभर गेम खेळलेल्या माणसाला पुढचा वार आधीच दिसतो, त्यात गेमचा दोष नाही. तीन-चार आठवडे हा प्रकार बंद ठेवा. दुसरं काही खेळा, गंगापूर धरणाकडे सायकल मारा. परत याल तेव्हा नवा गेम विकत घेऊ नका. जुनाच गेम अशा कुणाच्या तरी हातात द्या ज्याने तो कधी पाहिला नाही, आणि शेजारी बसा.

आमच्याकडे एका मुलाने असंच केलं. शंभरेक तास खेळलेला, कंटाळलेला. त्याने दहावीतल्या बहिणीला बसवलं. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं की ढाल मार अडवायला असते. तिने ढालीने समोरच्याला कड्यावरून खाली ढकललं. त्या गेममध्ये हे होऊ शकतं, हे तिच्या भावाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याने कंट्रोलर मागितला नाही. खुर्ची तेवढी जवळ ओढली.